माडाची सोबतीण

हिमकण पडले त्या सकाळी पाचगणीच्या पठाराखालची सगळी स्ट्रॉबेरी करपली. शेजारपाजारचे लोक बांधावर हात बांधून उभे होते.  शलाका भिलारे मात्र डोक्याला मफलर गुंडाळून आपल्या रोपवाटिकेच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे उघड्यावर, कसलंही आच्छादन न घालता, कमरेएवढे माड उभे होते. त्यांच्या झावळ्यांवर हिमकणांची पांढरी पूड साचली होती. शलाकाने ती बोटाने पुसली. खालचं पान हिरवंगार होतं, ताठ होतं.

तिने तिथूनच मुलीला फोन लावला. "ऋजू, जगलेत गं! सगळे जगलेत!"

 ऋजुता पलीकडून म्हणाली, "आई, ऊन चढू दे. पेशी फुटल्या असतील तर पानं दुपारी काळी पडतात. तेव्हा सांग."

दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, पानं हिरवीच राहिली. तेव्हा शलाका माडाच्या आळ्याजवळ बसून रडली.

तिचं माहेर रेवदंड्याच्या अलीकडे, आगरवाडीला. दारात माड, परसात पोफळी, आणि समुद्राचा आवाज इतका सवयीचा की तो ऐकू येत नाही अशा घरातून ती लग्न होऊन या थंड डोंगरावर आली. नवरा, अंकुशराव, मायाळू होता. दर पावसाळ्यात तो तिच्यासाठी एक माड लावायचा आणि दर जानेवारीत मेलेलं रोप गुपचूप उपटून टाकायचा. तो गेल्यावर रोपवाटिका तिच्याकडे आली. तिने नेचे आणले, खजूर आणले, बाटलीसारख्या बुंध्याचे शोभेचे पाम आणले, आणि थंडीत त्यांना गोणपाटात गुंडाळून म्हाताऱ्या माणसांसारखं सांभाळलं. ऋजुता हे बघतच वाढली. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती बुरशांवर संशोधन करू लागली, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

ऋजुताला ती बुरशी सापडली कुमाऊंच्या डोंगरात. बर्फ पडणाऱ्या उंचीवर तिथे ताडाच्या कुळातलं एक जंगली झाड वाढतं. इतर ताड-माड जिथे एका रात्रीत मरतील तिथे ते कसं जगतं, याचं उत्तर झाडात कमी आणि झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीत जास्त होतं.

सुट्टीत घरी आली तेव्हा तिने आईला स्वयंपाकघरातच समजावून सांगितलं होतं. "थंडीने झाड मरतं म्हणजे काय होतं, तर आतलं पाणी गोठतं. बर्फाच्या सुया होतात आणि त्या पेशींच्या भिंती फाडतात. ही बुरशी पेशींच्या मधल्या फटींत राहते. झाडाची थोडी साखर खाते आणि भाडं म्हणून एक प्रथिन देते. ते प्रथिन सुईला मोठं होऊच देत नाही. बर्फ होतो, पण पिठासारखा."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातही उपयोगी पडते. जमीन कोरडी पडायला लागली की झाडाच्या आधी हिला कळतं. ही इशारा देते आणि झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं."

"म्हणजे सोबतीणच की," शलाका म्हणाली होती. त्या सुट्टीतच ऋजुताने ती बुरशी मागच्या कोपऱ्यातल्या माडांना दिली होती. पुढे बाजारात आलेल्या बाटलीवर तेच नाव छापलं गेलं.

पुढची वर्षं भराभर गेली. शलाकाच्या बागेतल्या ठेंगण्या माडाला चौथ्या वर्षी नारळ लागले तेव्हा वाईपासून लोक बघायला आले. सोलापूरच्या माळावर पोफळी उभी राहिली. लेहच्या हॉटेलांपुढे बर्फात माड दिसू लागले, आणि परदेशातल्या थंड, पावसाळी गावांत लोक अंगणात खजूर लावून त्याखाली खुर्च्या टाकू लागले. केळी, अननस, जायफळ, ज्याला त्याला सोबतीण देऊन लोक बघत होते. रोपवाटिकेच्या फाटकाशी गाड्या उभ्या राहायला जागा नसायची. ऋजुताचा फोटो वर्तमानपत्रात आला. कात्रण शलाकाने देवघरात लावलं नाही, पण देवघरातून दिसेल अशा भिंतीवर लावलं.

एका मे महिन्यात भाऊ आला. जयवंत राऊत, शलाकाचा थोरला भाऊ. तो कधी न सांगता येत नसे. त्याच्या पिशवीत मुठीएवढे, सुकलेले नारळ होते. त्याने ते टेबलावर मांडले.

"हे यंदाचे," तो म्हणाला. "विहिरीला खारं पाणी लागलंय. उन्हाळा तर तुला सांगायला नको. बोंडं धरतात आणि गळतात. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. शलू, तुम्ही बर्फात माड जगवलात. आमचे आमच्या मातीत मरतायत, त्याचं बघा काहीतरी."

ऋजुता नेमकी घरी होती. ती मामाच्या पाया पडली, पण सोबतिणीची बाटली तिने पुढे केली नाही. "मामा, अजून दोन पावसाळे द्या. किनाऱ्यावर मी हिला तपासलेलं नाही. हिला मी फक्त अडचणीत बघितलंय, थंडीत, दुष्काळात. सुखात ती कशी वागते ते माहीत नाही."

"आमच्याकडे कसलं सुख?" जयवंत हसला.

"तुमच्यासाठी नाही, बुरशीसाठी. दमट हवा, ऊब, बारा महिने."

 जयवंतने नारळ परत पिशवीत भरले.  तो अंघोळीला गेला तशी शलाका मुलीजवळ गेली.

"जगाला वाटतेस आणि मामाला नाही म्हणतेस?"

"आई, नाही म्हणत नाहीये. थांबा म्हणतेय."

"दोन पावसाळ्यांत वाडी राहील का त्याची? तुझ्या बाबांच्या आजारपणात तो तीन महिने इथे येऊन राहिला होता, आपली वाडी सोडून. तुला आठवत नसेल."

"आठवतंय."

"मग? तुझी बुरशी आहे, तुला कळतं. एवढं घाबरायचं कशाला?"

 दुसऱ्या दिवशी मामा निघाला तेव्हा ऋजुताने स्वतःच्या हाताने बाटल्यांची पेटी त्याच्या गाडीत ठेवली. कोवळ्या मुळाचं टोक कापून ते द्रावाच्या पिशवीत कसं बांधायचं हेही दाखवलं. "फक्त तुमच्या वाडीत," ती म्हणाली. "कुणाला देऊ नका."

किनाऱ्यावर असं काही लपत नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर जयवंतच्या माडांनी अशी झाप टाकली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघू लागले. बोंडगळ थांबली. शेजाऱ्याने विचारलं, मग त्याच्या मेहुण्याने विचारलं. नाही म्हणणं जयवंतच्या स्वभावातच नव्हतं. एकाच्या मुळाचा तुकडा दुसऱ्याच्या पिशवीत घातला तरी सोबतीण जाते, हे लोकांनी आपलं आपणच शोधून काढलं. दोन वर्षांत चौलपासून मुरुडपर्यंत सगळा किनारा गर्द हिरवा झाला.

त्यानंतरच्या फाल्गुनात जयवंतने फोन केला. आवाज नेहमीचाच होता. "शलू, पोय उघडली की आत फुलं असतात ना? यंदा आत कापूस निघतोय."

शलाका आणि ऋजुता दोघी गेल्या. पोय म्हणजे माडाचा मोहोर ज्यात मिटलेला असतो तो होडीसारखा कोष. जयवंतने माडावर चढायच्या यंत्राने वर जाऊन एक कापून आणली आणि ओटीवर ठेवून कोयत्याने चिरली. आत मोत्यासारखी फुलं असायला हवी होती. त्याऐवजी दह्याच्या सायीसारखा पांढरा थर होता. ऋजुताने त्यावर बोट टेकवलं आणि बारीक भुकटीचा एक धूर उडाला. दारातून येणाऱ्या वाऱ्याने तो माजघरात नेला.

तिचा चेहरा शलाकाने तेव्हा बघितला आणि काही विचारायची गरज उरली नाही.

"डोंगरात हिला झाडाबाहेर आसरा नाही," ऋजुता मामाला सांगत होती, पण मामाकडे न बघता. "बाहेर पडली की थंडीने मेली. म्हणून ती झाडाला जपते. झाडाचं बी होऊ देते, बियात शिरते आणि तशीच पुढच्या पिढीत जाते. इथे बाहेरही तिला घरासारखंच आहे. मग बियाची वाट कशाला बघायची? ती वाऱ्यावर निघालीय. आणि वाऱ्यावर जायचं तर उंच, उघडी जागा हवी. मोहोरासारखी."

"म्हणजे झाड मरणार?" जयवंतने विचारलं.

"नाही मामा. झाड मरणार नाही. झाड उत्तम राहील."

ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं. माड मरते तर लोकांनी तोडले असते, जाळले असते, दुसरं काही लावलं असतं. माड उभे राहिले. खाऱ्या पाण्यात, वणव्यासारख्या उन्हात, वादळात, कधी नव्हते इतके निरोगी. झापांना, खराट्यांना तोटा नव्हता. फक्त वर फळ नव्हतं. पोफळींची तीच गत झाली, मग शिंदीची, ताडाची. पुढच्या पावसाळ्यात ती भुकटी केरळात पोचली, मग समुद्रापार गेली. ज्या बेटांवर माणसं नारळावरच जगतात तिथून बातम्या येऊ लागल्या. वाळवंटातल्या खजुराच्या बागा, तेलाचे पाम, एकामागून एक वांझ झाले. किनाऱ्यावर बदललेली तीच सोबतीण वाऱ्यावर घाट चढून पाचगणीलाही आली आणि शलाकाच्या माडांच्या पोयीतून पांढरी भुकटी झडू लागली. आधी नारळ दुर्मिळ झाला, मग औषधापुरता राहिला, मग तोही राहिला नाही. देवळांतून लाकडी नारळ आले. लग्नात कलशावर ते ठेवताना भटजी नजर खाली ठेवत.

शलाकाने आपले सगळे माड तोडायला लावले. फाटकाशी गाड्या येईनाशा झाल्या. एका सकाळी तिथे कुणीतरी वांझ पोयींचा ढीग आणून टाकला होता. ऋजुताला प्रयोगशाळेतून काढलं नाही, पण तिच्याशी कुणी जेवायला बसेना. ती घरी आली होती त्या आठवड्यात मायलेकी एकमेकींना चुकवत घरात वावरत होत्या. शेवटी एकदा भाजी निवडताना शलाकाच्या तोंडून गेलंच.

"तुला माहीत होतं ना असं काहीतरी होईल? मग ठामपणे नाही का म्हणाली नाहीस?"

ऋजुताने हातातली जुडी खाली ठेवली. "म्हटलं होतं, आई."

त्याच संध्याकाळी ती पुण्याला गेली. पुढे वर्षभर दोघींचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपलीकडे गेलं नाही.

मग आगरवाडीहून फोन आला. वाडीच्या कुंपणाला एक वाकडा माड होता. नारळ कमी धरायचा, म्हणून त्याला सोबतिणीचं औषध द्यायचा जयवंतने कंटाळा केला होता. सगळ्या किनाऱ्यात भुकटी उडत असताना त्या माडाची पोय उघडली होती आणि आत फुलं होती. चार-पाच बोंडं धरली होती. जयवंतने कुणाला सांगितलं नव्हतं. ती पूर्ण नारळ होईपर्यंत, श्वास रोखून राहावं तसा तो राहिला होता.

ऋजुता दुसऱ्याच दिवशी पाचगणीला आली, आईला घ्यायला. गाडीत मागच्या सीटवर बर्फाची पेटी होती.  घाट उतरताना ती म्हणाली, "त्या झाडात कदाचित तिला न जुमानणारं काहीतरी आहे. तसं असेल तर ते सगळीकडे पुन्हा लावता येईल. पण मला त्याचा कोंब लागेल."

शलाका माडांच्या गावची मुलगी. माडाला फांद्या नसतात, वाढायला एकच कोंब असतो, शेंड्यातला. तो काढला की माड संपला, हे तिला सांगायला नको होतं.

"नारळ आहेत ना वर? ते रुजव."

"रुजवले तर चार झाडं होतील आणि फळायला सहा-सात वर्षं लागतील. कोंबाच्या पेशींपासून हजारो रोपं होतात. आणि आई, सगळीकडून भुकटी येतेय. आज नाही लागली, उद्या लागली तर?" ती थांबली. "मामाला मी विचारू शकत नाही. माझी हिंमत नाही. तू विचार."

त्यावर शलाकाने मान हलवली. दुसरं ती काय करणार होती?

वहिनी, म्हणजे जयवंतची बायको रंजना, ओटीवर तांदूळ पाखडत होती. शलाकाने विचारलं तेव्हा तिचं सूप थांबलं.

"एका पेटीने आमची वाडी गेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हाही तुम्ही चांगल्यासाठीच दिली होतीत. आता जे एक उरलंय ते पण चांगल्यासाठीच न्यायचं का, शलाकाताई?"

"हो वहिनी," शलाका म्हणाली. 

"आणि नाही झालं काही तर?"

यावर ऋजुता दारातून म्हणाली, "मामी, मी शब्द देऊ शकत नाही."

जयवंत वाकड्या माडाकडे बघत उभा होता. ते झाड पोटरीएवढं होतं तेव्हापासून तो त्याला शिव्या देत आला होता, की उन्हासाठी शेजाऱ्याच्या हद्दीत वाकतो. तो आत गेला, कोयती आणि दोर घेऊन आला.

"ने," तो म्हणाला. "पण तोडणार मी. दुसऱ्या कुणाला वर चढू देणार नाही."

त्याने आधी नारळ दोराने अलगद खाली सोडले. मग झावळ्या कापल्या, एकेक. शेवटी उघडा पडलेला पांढरा शेंडा त्याने छातीशी धरून खाली आणला, तान्ह्या मुलाला आणतात तसा. ऋजुताने तो पेटीत ठेवला. जाताना ती मामीच्या पाया पडायला वाकली. मामीने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

शलाका मागे राहिली. वहिनीला सोबत म्हणून, असं ती म्हणाली. खरं तर पाचगणीला परतून करायचं काही नव्हतं. उतरवलेले चार नारळ वहिनीने खाटेखाली वाळूत मांडून ठेवले होते, बियाण्याचे म्हणून. त्यांना हात लावायचा नाही असा घरात अलिखित नियम झाला. ऋजुताचे फोन यायचे. पेशी जगल्या. पेशी वाढतायत. हिरवे ठिपके दिसतायत. जयवंत फोन झाला की बाहेर जाऊन वाडीतून एक फेरी मारून यायचा. एकदा तर त्याने रोपांसाठी आळी करायची जागाही शलाकाला दाखवली.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, जेवणाआधी, फोन वाजला. शलाका बोलायला मागच्या पडवीत गेली.

"आई," ऋजुता म्हणाली.  "त्यातही आहे."

"काय?"

"सोबतीण. सगळ्या रोपांत. कोंबातच होती. ते झाड वेगळं नव्हतं, आई. फक्त हळू होतं. तिला वर पोचायला वेळ लागत होता, एवढंच."

शलाकाने खांबाला हात टेकला. "मग नारळ?"

"त्यांतही असणारच. रुजतील, वाढतील. धरणार नाहीत."

"आणि आपण तोडला नसता तर?"

 "एखादं वर्ष धरला असता अजून," ती म्हणाली. "फार तर दोन."

"तू जेवलीस का?" शलाकाने विचारलं. पलीकडून हुंदका आला. मग ऋजुताने फोन ठेवला.

आत जयवंत आणि वहिनी पाटावर बसून तिची वाट बघत होते. शलाका उभ्यानेच सगळं बोलली. काही गाळलं नाही. माड आणखी वर्ष-दोन वर्षं धरला असता हेही सांगितलं, कारण 'नाही झालं काही तर' असं वहिनीनेच विचारलं होतं. जयवंतने पानाभोवती फिरवायला हातात घेतलेलं पाणी तसंच खाली सोडलं. "पोरीला बरं नसेल वाटत," तो काही वेळाने म्हणाला. "तिला म्हणावं, इकडे ये चार दिवस." 

वहिनी उठली. खाटेखाली वाकून तिने वाळूतला एक नारळ काढला. शलाकाला वाटलं, ती तो बाहेर फेकणार. तिने तो सोलला, शेंडी काढली आणि पायरीच्या कडेवर एका घावात फोडला. पाणी वाटीत धरून नवऱ्यापुढे ठेवलं. मग विळी घेतली. त्या विळीवर कित्येक वर्षांत खोबरं खवलं गेलं नव्हतं. दात्यांवर गंज होता. तिने तो पदराने पुसला.

नारळ खवताना बायका पांढरं संपून काळपट पापुद्रा लागला की थांबतात, नाहीतर खोबऱ्याला रंग येतो. वहिनी थांबली नाही. पांढरं संपलं, तपकिरी चुरा पडू लागला, तोही संपला. मग विळीचे दाते नुसत्या करवंटीवर घासत राहिले. शलाका आणि जयवंत तो आवाज ऐकत बसले, आणि दोघांपैकी कुणीही तिला पुरे म्हणालं नाही.